हो हो, बघतो

डेपोत तिला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर भोंगाताई, पाठीमागे नुसतंच भोंगा. बस चालवणाऱ्या बायका तिथे मोजक्याच होत्या आणि त्यांतल्या हिचा आवाज असा, की वर्कशॉपच्या पार टोकाला, चार इंजिनं चालू असतानाही, ती कोणावर आणि कशासाठी चिडली आहे ते शब्दन् शब्द कळायचं. चिडायचीही भरपूर. आरसा पुसलेला नसला की चिडायची. सीटखाली कोणी सालं टाकली की चिडायची. पुढची गाडी दिवा न दाखवता वळली, की काच खाली करून त्या चालकाच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. पण तिच्या बसला कधी साधा ओरखडा आला नव्हता. तिच्या मार्गावरची म्हातारी माणसं आधीची बस सोडून देऊन हिच्या बससाठी उभी राहायची, कारण शेवटचा माणूस नीट टेकल्याशिवाय ही गाडी हलवायची नाही.

घड्याळजी त्याच म्हाताऱ्यांपैकी एक. बाजारापाशी जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं. ते रोज दुपारी जेवून तिच्या बसने परत दुकानात जायचे.

झालं ते असं. सकाळच्या फेरीतच तिच्या लक्षात आलं होतं, की मागचं दार लागतं पण धरत नाही. मोठा धक्का बसला की सुटतं. दुपारच्या सुट्टीत तिने गाडी वर्कशॉपच्या रांगेत लावली आणि फोरमनला शोधत निघाली. फोरमन म्हणजे तिचा धाकटा दीर. स्वतःचं लग्न होईपर्यंत तो तिच्याच घरात वाढला होता, तिच्या हातचं खाऊन. तो वर्कशॉपमध्ये नव्हता. तो डेपोच्या फाटकासमोरच्या खानावळीत होता, आणि खानावळीच्या कोपऱ्यात जे पिनबॉलचं मशीन होतं, त्याच्यावर वाकला होता.

ती त्याच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. "भावजी, माझ्या गाडीचं मागचं दार धरत नाहीये. दुपारच्या फेरीआधी बघा. नाहीतर मी गाडी काढणार नाही."

काचेवरची नजर न हलवता तो म्हणाला, "हो हो, बघतो."

ती जेवली. परत गेली तर गाडी रांगेतून काढून फलाटाला लावलेली. म्हणजे बघून झालं, असं तिला वाटलं. गाडी रांगेतून काढली होती ती मागच्या गाडीला वाट हवी म्हणून. दाराला कोणी हातही लावला नव्हता.

बाजाराच्या वळणावर घड्याळजी उतरायला उठले, दाराच्याच दांडीला धरून उभे राहिले. चाक खड्ड्यात गेलं, दार सुटलं आणि ते त्या दारासकट बाहेर रस्त्यावर. जीव वाचला. उजवं मनगट मात्र असं चुरलं, की दवाखान्यात ते दोनदा उघडावं लागलं.

चौकशी झाली. मोठ्या साहेबांच्या खोलीत पंखा गरगरत होता आणि दीर तिच्या समोरच्या खुर्चीत बसला होता. तो म्हणाला, "वहिनीने मला काही सांगितलं नाही. त्या दुपारी मी खानावळीत नव्हतोच. मी स्टोअरमध्ये होतो." म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं. नजर चुकवली असती तर तिला एवढं लागलं नसतं.

साहेबांनी तिला विचारलं, "तुम्ही सांगितलं, हे ऐकणारं कोणी आहे का?"

खानावळीच्या मावशीला बोलावलं. मावशीचं सगळं गिऱ्हाईक डेपोतलं, त्यातलं निम्मं फोरमनच्या हाताखालचं. ती पदराला हात पुसत म्हणाली, "मी आत भांड्यांत होते. मला काही ऐकू आलं नाही."

भोंग्याच्या हातातलं चाक गेलं. तिला सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. बसमध्ये लोक जे विसरतात ते तिथे यायचं. छत्र्या, एकेकटे हातमोजे, डबे, एकदा कोणाची तरी कवळी. माणूस कवळी कशी विसरतो, ह्यावर एरवी ती दिवसभर बोलली असती. आता ती कोणाशी बोलत नव्हती. घरी सासूला जेवण वाढताना भांडं आपटायची. मुलीने काही विचारलं तर "कळत नाही का" म्हणायची. नवरा परगावी बंदरावर क्रेन चालवायचा, त्याला फोनवर सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "घरातलं घरात मिटव. तो लहान आहे."

"लहान आहे?" ती म्हणाली. "डोक्यावर केस उरले नाहीत त्याच्या."

एका दुपारी ती मावशीला जाब विचारायला खानावळीत शिरली. मावशीने तिला लांबूनच बघितलं आणि आत गेली ती आलीच नाही. समोर कोणीच नाही. कोपऱ्यात मशीन तेवढं दिवे मिचकावत उभं. उभ्या काचेवर एक पाणबुड्या रंगवलेला, त्याच्या पायाला ऑक्टोपस, आणि वर आकड्यांच्या पाटीवर आजवरच्या सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्यांची नावं. पहिल्या ओळीत दिराच्या नावाची तीन अक्षरं लुकलुकत होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याच्याकडे बघत होता तो, आपण बोलत होतो तेव्हा. तिने नाणं टाकलं, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. दांडा ओढला, लोखंडी गोळी वर गेली, खणखणत खाली आली. खाली दोन पाती होती, बाजूचं बटण दाबलं की उचलली जाणारी. तिने दोन्ही बटणं एकदम दाबली. गोळी दोन्हींच्या मधून निघून गेली. दुसरी गोळीही तशीच. तिसरी जाताना दिसली तेव्हा तिने मशीन दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. सगळे दिवे विझले, पाती मेली आणि पाटीवर एकच शब्द आला: टिल्ट.

तिने मशीनच्या पायाला लाथ मारली.

"लाथ मारायची असेल तर भिंतीला मारा," दारातून आवाज आला. "पाय तुमचाच मोडेल, निदान माझं नुकसान नाही."

दारात एक काटकुळा म्हातारा उभा होता, हातात हत्यारांची पेटी. गावातल्या अशा सगळ्या मशीनांचा हा मालक. तोच ती ठेवायचा, तोच दुरुस्त करायचा. लोक त्याला स्क्रूकाका म्हणत, कारण त्याच्या खिशातून चालताना स्क्रू वाजायचे. स्वभावानेही तो तसाच, पिळलेला.

"तुमचं आहे का हे? मग घेऊन जा इथून," ती म्हणाली. "ह्याच्यापायी एका माणसाचा हात गेलाय."

"माझ्या मशीनने कोणाचा हात मोडलेला नाही. ते जागचं हलत नाही." त्याने पेटी खाली ठेवली. "हलवलंत तुम्ही. आणि दोन्ही बटणं एकदम कशाला दाबता? दोन्ही पाती वर गेली की मधे खिंड पडते. त्या खिंडीतून म्हैस जाईल, गोळीचं काय घेऊन बसलात."

"मला खेळायचंच नाही."

"मग नाणं काय देवाला वाहिलंत?"

ती निघून गेली. पण दुसऱ्या दुपारी परत आली. खेळाची गोडी वगैरे काही लागली नव्हती. तिला फक्त ती तीन अक्षरं तिथून पुसायची होती. साहेबांच्या खोलीत काही करता आलं नव्हतं, घरात करता येत नव्हतं. इथे करता येईल असं तिला वाटलं, एवढंच.

आणि मग तिला कळलं, की इथेही येत नाही. रोज दुपारी ती डबा बाजूला सारून यायची आणि रोज मशीन तिला लोळवायचं. तिला वाटायचं, जोर कमी पडतोय. ती आणखी जोरात बटणं दाबायची. मशीन हलवायची. टिल्ट. मागच्या टेबलावर ड्रायव्हर लोक जेवता जेवता मान खाली घालून हसायचे. एकदा कोणीतरी म्हणालं, "भोंगाताई, मशीनला दोन शिव्या द्या, घाबरेल." तिने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने घास तसाच गिळला.

स्क्रूकाका एक दिवस जळलेला दिवा बदलायला आला होता. तिचा डाव त्याने पेटीवर बसून बघितला आणि त्यालाच राहवलं नाही.

"त्या ऑक्टोपसला का मारताय सारखं?"

"लाल दिवा लागतो तिथे."

"दिवा लावलाय तो तुमच्यासारख्यांनी मारावं म्हणून. गुण देतो चिमूटभर, आणि गोळी सरळ मधल्या खिंडीत फेकतो. इथे वाचा." त्याने काचेच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे एक पिवळट कार्ड होतं, बारीक अक्षरातलं, वर चहाचे डाग. "नियम लिहिलेत. इतक्या वर्षांत कोणी वाचले नाहीत. तुमच्या त्या फोरमननेही नाही. तो नुसता हाताच्या सवयीने खेळतो."

हे तिला औषधासारखं लागू पडलं. त्याने वाचलं नाही म्हटल्यावर ती वाचणारच. डबा कार्डाशेजारी ठेवून तिने जेवता जेवता सगळं वाचून काढलं. डावीकडच्या तीन फळ्या पाडल्या, की पाणबुड्याचा दोर सुटतो आणि मधली पेटी उघडते. पेटीत गोळी गेली की ती आतच राहते, मशीन नवी गोळी देतं. दुसरीही आत घालायची. तिसरी घातली, की पेटी तिन्ही गोळ्या एकदम बाहेर टाकते, आणि मग डावीकडच्या चढणीवरून जाणाऱ्या प्रत्येक गोळीला कितीतरी पट गुण. बाकी सगळी नुसती रोषणाई. ऑक्टोपस, घंटा, बुडबुडे, सगळं माणसाला भुलवायला.

कळलं सगळं, पण हाताला ते कुठे कळत होतं? गोळी यायची वाऱ्यासारखी आणि ती मारायची आंधळ्यासारखी.

"थांबवा तिला आधी," स्क्रूकाका म्हणाला. "पातं उचलून धरा. गोळी घरंगळत येऊन त्याच्या कुशीत बसते. बसली? आता बघा कुठे मारायचीय. मग सोडा."

ते जमायला तिला फार दिवस लागले. गोळी थांबवणं अवघड नव्हतं. थांबलेली गोळी सहन करणं अवघड होतं. बोटं शिवशिवायची, वाटायचं हाण. ती हाणायची आणि चुकायची. मग कळत गेलं, की पातं सोडल्यावर गोळी हळूहळू टोकाकडे सरकते. लवकर मारली तर एकीकडे जाते, टोकाजवळ येऊ दिली तर दुसरीकडे. सगळा नेम त्या अर्ध्या बोटाच्या सरकण्यात. पुढे म्हातारा म्हणाला, की काही वेळा काहीच करायचं नाही. गोळी खाली पडलेल्या पात्यावर आपटते आणि आपसूक उडून दुसऱ्या पात्यावर जाते.

"मारायचंच नाही?"

"नाही. हात आवरून उभं राहायचं."

"आणि गेली मधून तर?"

"तर मला शिव्या द्या."

तिने दिल्याही. पण गोळी बहुतेक वेळा खरंच पलीकडे जायची.

हलवण्याचं मात्र तिचं काही केल्या सुटेना. शेवटी त्याने मशीनचं पुढचं दार उघडून तिला आत दाखवलं. एका कड्यामध्ये पितळेचा लोलक लोंबत होता. "हा कड्याला लागला की टिल्ट. थोडं हलवायला मशीनची ना नाही, हलवायलाच पाहिजे. गोळी खांबाला लागते त्या क्षणी तळहाताने एक धक्का. तुमचं काय होतं, गोळी गेल्यावर तुम्ही हलवता. त्याचा काय उपयोग?"

"राग येतो."

"येऊ दे ना. हातात नका आणू. पाय घट्ट रोवा आणि तिथे ठेवा."

लोकांना वाटलं, खेळाने भोंगाताई निवळल्या. खानावळीत तसं कोणी बोललंही. ते खरं नव्हतं. ती दिवसभर विसरलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या लावताना जेवढी चिडलेली असायची तेवढीच मशीनसमोर असायची. फक्त मशीन आता तिला बाहेर फेकत नव्हतं. एकदा तिने स्क्रूकाकाला म्हटलं, "म्हणजे बाहेरही असंच, आधी थांबायचं, मग नेम धरायचा."

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "मी मशीन दुरुस्त करतो."

तिन्ही गोळ्या तिने पहिल्यांदा बाहेर काढल्या त्या दिवशी सासूच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. वेळेवर थेंब घालायला आणि हाताला धरून बाथरूमला न्यायला कोणीतरी लागायचं. ड्युटी संपल्यावर ती घरी जाण्याआधी एक डाव टाकायला थांबली. पेटी उघडली. एक गोळी आत, दुसरी आत, तिसरी. घंटा झाली, पेटीने तिन्ही गोळ्या ओकल्या आणि पुढचं तिला काचेपलीकडे काही दिसलं नाही. चढण, चढण, पातं धर, ती जाऊ दे, ही मार. किती वेळ चाललं कोण जाणे. संपलं तेव्हा पाठ घामाने भिजली होती. आणि दिराच्या आकड्याच्या ती अगदी जवळ पोचली होती. तिने अजून एक डाव टाकला.

घरी गेली तर सासू बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसलेली, कपाळाला टेंगूळ. मुलगी नुकतीच क्लासवरून आली होती, आजीला उठवत होती.

"आजीला एकटं टाकून तू गेलीस कशी?" ती मुलीवर ओरडली. "मला सांगायला काय झालं होतं?"

मुलगी सरळ उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी खानावळीत येऊन तुला सांगितलं, आई. मी क्लासला जातेय, आजी एकटी आहे, तू लगेच जा. तू हो हो म्हणालीस."

"तू आलीच नाहीस खानावळीत."

"आले होते. तुझ्या खांद्याला हात लावला मी."

"खोटं बोलू नकोस. तू मला काही सांगितलं नाहीस."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. साहेबांच्या खोलीत असंच म्हणाला होता तो, शब्दाला शब्द. ती मटकन खाली बसली, सासूच्या शेजारी. सासू टेंगूळ चोळत होती. पट्टीमुळे तिला कोणाचा चेहरा दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं. "धाकटाही लहानपणी असाच," ती म्हणाली. "विटीदांडूतून उठायचा नाही. काही सांगा, नुसता हो म्हणायचा."

त्या रात्री भोंग्याने मुलीला जवळ घेऊन बसवलं आणि चूक झाली म्हणाली. मुलीने ऐकून घेतलं आणि जाऊन झोपली. लगेच काही हसली वगैरे नाही.

इथे दुसऱ्या कोणाचा राग उतरला असता. त्याला खरंच ऐकू आलं नसेल, हे आता ती ओळखून होती. तिला स्वतःला नव्हतं आलं. पण जितका विचार केला तितकी ती पेटत गेली. ऐकू आलं नाही म्हणाला असता तर ते खरं होतं. तसं म्हणता आलं असतं त्याला. त्याऐवजी तो म्हणाला, मी तिथे नव्हतोच. आपण कुठे होतो हे तर त्याला माहीत होतं. कामाच्या वेळेत खेळत होतो हे उघडं पडू नये म्हणून त्याने तिचं चाक घालवलं, आणि वर तिच्याकडे बघत घालवलं.

मुलगी आल्याचं तिला त्या दिवशी काही केल्या आठवत नव्हतं. खांद्यावरचा हातसुद्धा. मग तिला काय करायचं ते कळलं.

पुढच्या आठवड्यात तिने दिराचा आकडा मोडला. नशिबाने नाही, कार्डावरच्या नियमाने: ऑक्टोपसकडे एकदाही न बघता, पेटी दोनदा उघडून. मशीनने तिला नाव विचारलं तेव्हा तिने स्वतःची तीन अक्षरं घातली. दिराची खाली सरकली. संध्याकाळपर्यंत वर्कशॉपभर झालं.

दुसऱ्या दुपारी दीर आला. येणारच होता. चौकशीनंतर तो तिच्यासमोर आला नव्हता, पण हे त्याला बघवलं नाही. खानावळ भरलेली होती. मावशी ताटं वाढत होती, स्क्रूकाका कोपऱ्यात चहा पीत होता.

"वहिनी, मशीन सैल झालंय बहुतेक," तो हसत म्हणाला.

"खेळून बघा ना भावजी."

तो खेळला. चांगला खेळायचा, त्यात वाद नव्हता. ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली. पहिली गोळी पेटीत गेली. दुसरी गेली. ती काही बोलली नाही. तिसरी गेली, घंटा झाली, तिन्ही गोळ्या बाहेर पडल्या आणि त्याची मान पुढे झुकली. तेव्हा ती बोलली. भोंग्याच्या आवाजात नाही, त्या दुपारी बोलली होती तसंच, सरळ.

"भावजी, मागच्या दाराचं मी तुम्हाला इथेच सांगितलं होतं ना?"

"हो हो."

मागच्या टेबलावर कोणाचा तरी चमचा थांबला.

"तुम्ही इथेच खेळत होता. स्टोअरमध्ये नव्हता."

"हो हो. हो."

"आणि दार बघतो म्हणालात."

"बघतो, बघतो."

कोणीतरी हसायला लागलं आणि मधेच गप्प झालं. मावशी हातात ताट घेऊन जागच्या जागी उभी होती. गोळ्या संपेपर्यंत खानावळीत मशीनशिवाय कसलाही आवाज नव्हता. दिराने तिचा आकडा ओलांडला होता. तो घाम पुसत वळला, चेहरा उजळलेला. "बघितलंत का?"

सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"काय झालं?"

"मी आत्ता तुम्हाला काय विचारलं?" ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. तीनदा. तुम्ही तीनदा हो म्हणालात. ह्या सगळ्यांनी ऐकलं."

तो एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला. कोणीतरी, बहुधा त्याच्याच हाताखालच्या फिटरने, हळू आवाजात त्याला ते सांगितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. "तुला ऐकू आलं नाही, हे मला पटलंय. माझंही झालं तसं, माझ्या पोरीच्या बाबतीत. तेवढंच असतं तर मी पोटात घातलं असतं. पण तू इथे नव्हतासच म्हणालास. माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास. माझ्या घरात वाढून."

"नोकरी गेली असती, वहिनी."

"माझं चाक गेलेलं चाललं तुला."

तो ताटांमधून वाट काढत बाहेर गेला. मावशीने हातातलं ताट टेबलावर जरा जास्तच जोरात ठेवलं. "मी येते साहेबांकडे," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "मला तेव्हाही ऐकू आलं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?" भोंगा म्हणाली.

"घाबरले. आता मलाही शिव्या दे, पण साहेबांना भेटून आल्यावर दे. दुपारचं काम पडलंय."

साहेबांनी चौकशी परत उघडली. मावशी बोलली. दिराने मान्य केलं की तो खानावळीत होता; ऐकलं नाही, ह्यावर तो ठाम राहिला, आणि तेव्हा भोंगाच म्हणाली की हो, नसेल ऐकलं. साहेब चकित झाले. त्याचं फोरमनपद गेलं, त्याला गाड्या धुण्याच्या रॅम्पवर टाकलं. तिला चाक परत मिळालं. पण उठता उठता साहेब तिला म्हणाले, "गाडी काढायच्या आधी दार एकदा ओढून बघायला हवं होतं तुम्ही."

तिने ओढून बघितलं नव्हतं. जेवून आली, गाडी फलाटाला दिसली, आणि चढली.

दीर आता आईला भेटायला ती ड्युटीवर असताना येतो. एकदा वेळ चुकली आणि दोघं दारात समोरासमोर आली. "किती दिवस, वहिनी?" तो म्हणाला. ती म्हणाली, "मला माहीत नाही," आणि त्याला वाट देऊन पायऱ्या उतरली. नवरा फोनवर अजून घरातलं घरात म्हणतो. ती फोन मुलीकडे देते.

चाक परत मिळाल्यावर आधी ती घड्याळजींकडे गेली. चौकशी चालू असताना त्यांना भेटायची मनाई होती, आता नव्हती. सुनेने दार उघडलं. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर पाट, पाटावर एक उघडं घड्याळ. उजवं मनगट वळत नव्हतं. डाव्या हाताने ते चिमटा धरायचा प्रयत्न करत होते आणि चिमट्यातलं बारीक चाक पुन्हा पुन्हा पाटावर पडत होतं.

"बस तुम्ही चालवत होता," ते म्हणाले.

"हो."

"बसा."

तिने सगळं सांगितलं. दाराचं, दिराचं, मशीनचं, साहेब शेवटी काय म्हणाले त्याचंही.

"म्हणजे तो खेळत होता."

"हो."

"आणि तुम्ही दार न बघता गाडी काढलीत."

"हो."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "बरं झालं सांगितलंत. इतके दिवस मी नुसताच चिडत होतो. आता कोणाकोणावर ते तरी कळलं."

सुनेने पाणी विचारलं नाही, त्यांनीही विचारायला सांगितलं नाही. मग ते म्हणाले, "जा आता. तुमच्या फेरीची वेळ झाली असेल." खरंच झाली होती. ती उठली, चपला घातल्या, आणि डेपोकडे निघाली.